बिलरॉथ आणि जठराचा उरलेला भाग

जठराच्या गाठीचं ऑपरेशन सुचवलं, की तिकोणा पेठेसारख्या मावळातल्या गावांतून येणारे नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, सगळं पोटच काढणार का? प्रत्येक वेळी तसं करावं लागत नाही. जठराचा रोगट भाग काढून उरलेला जोडता येतो, हे ज्यांनी सिद्ध केलं ते थिओडोर बिलरॉथ.

त्यांचा जन्म 1829 चा, जर्मनीतल्या र्‍यूगेन बेटावर, धर्मगुरूच्या घरातला. ओढा संगीताकडे, वैद्यक घेतलं घरच्यांच्या आग्रहाने. पुढे संगीतकार ब्राम्स त्यांचे जिवलग मित्र झाले. झुरिकला असताना बिलरॉथ यांनी आपल्या ऑपरेशन्सचे निकाल मृत्यूंसकट छापले. आजही सगळे सर्जन एवढं धाडस करत नाहीत.

1867 मध्ये ते व्हिएन्नाला आले. जठर कापण्याची घाई त्यांनी केली नाही. आधी शिष्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. कित्येक रुग्णांत कॅन्सर जठराबाहेर गेलेलाच नव्हता. पॅरिसला पेआन आणि पोलंडमध्ये रिडिगियर यांचे रुग्ण दगावले होते. 29 जानेवारी 1881 रोजी बिलरॉथ यांनी 43 वर्षांच्या थेरेसे हेलर यांच्या जठराचा खालचा, कॅन्सरचा भाग काढला आणि उरलेलं जठर लहान आतड्याच्या सुरुवातीला जोडलं. बाई जेवू लागल्या, घरी गेल्या. चार महिन्यांनी वारल्या. कॅन्सर यकृतात पसरला होता. ऑपरेशन जमलं, पण उशिरा झालं.

हा उशीर आमच्याकडेही दिसतो. महिनोन्महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतात. वजन घटतं, शौचाला काळं होतं, तरी एंडोस्कोपी होत नाही. खरं तर जठरात डोकावणारी नळी बिलरॉथ यांचेच सहायक मिकुलिझ यांनी त्याच 1881 साली बनवली होती.

अगदी आतल्या अस्तरापुरता असलेला छोटा कॅन्सर आज अनेकदा एंडोस्कोपीनेच काढता येतो. जिस्ट नावाची गाठ छोटी आणि सोयीच्या जागी असेल, तर पोटावरच्या लहान छिद्रांतून दुर्बिणीने ती काढतात. भोवतालचा थोडाच भाग जातो. पसरणाऱ्या कॅन्सरला मात्र बराच मोठा भाग आणि लसिकाग्रंथी काढाव्याच लागतात. तिथे राखण्याचा मोह परवडत नाही.

बिलरॉथ 1894 मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावर वारले. 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं. पुढच्याच वर्षी जपानमध्ये कितानो यांनी कॅन्सरग्रस्त जठराचा भाग दुर्बिणीने काढला. उरलेलं जठर त्यांनी जोडलं ते बिलरॉथ यांच्या 1881 च्याच पद्धतीने.