छातीचे बोल ऐकणारा वैद्य

गेल्या पावसाळ्यात नातवाला धाप लागली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तेव्हा मला रेने लेनेक आठवले. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची सुरळी केली. आवाज अधिकच स्पष्ट आला! पुढे लाकडी नळी झाली.

फुप्फुसांतील वायुकोशांत प्राणवायू रक्तात शिरतो, कर्बवायू बाहेर पडतो. तेथे पाणी साचले, की तापल्या भांड्यात मीठ तडतडावे तसा आवाज येतो; श्वासनलिका आकसली, की शीळ. हे सारे त्यांनी १८१९ च्या ग्रंथात मांडले. १८२६ साली, अवघ्या ४५ व्या वर्षी, क्षयानेच ते गेले. नातवाची शीळ मात्र वेळीच कळली. तो आज अंगणात खेळतो आहे.