पॉझिटिव्ह म्हणजे आजारी? पिर्केला विचारा!

धुळीची ॲलर्जी, कोळंबीची ॲलर्जी, सकाळी सातच्या लेक्चरची ॲलर्जी. दिवसातून किती वेळा वापरता हा शब्द? तो ज्यानं बनवला त्या क्लेमेन्स फॉन पिर्केचं नाव मात्र तुम्ही मेडिकलला असाल तरच कानावरून गेलं असेल.

१८७४ मध्ये व्हिएन्नाजवळच्या एका सरदार घराण्यात तो जन्मला. घरच्यांची इच्छा होती की पोरानं धर्मगुरू व्हावं. म्हणून आधी इन्सब्रुकला धर्मशास्त्र, मग बेल्जियममध्ये तत्त्वज्ञान, आणि मग ते सगळं सोडून स्वारी मेडिकलला! डॉक्टर झाला तेव्हा पंचविशी गाठली होती. सेकंड इयरलाच स्ट्रीम बदलायला उशीर झालाय असं वाटणाऱ्यांनी जरा इकडे बघा.

व्हिएन्नाच्या मुलांच्या दवाखान्यात त्याला नोकरी लागली. त्या काळी घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं सिरम टोचायचे. त्यानं जीव वाचायचे, पण काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप यायचा, अंगावर पुरळ उठायचं, सांधे दुखायचे. पिर्के आणि त्याचा सहकारी बेला शिक यांनी एक गोष्ट टिपली. तेच सिरम काही काळानं पुन्हा दिलं, की त्रास आठ दिवस थांबत नाही, लगेच सुरू होतो. औषध तेच, डोस तेवढाच. मग बदललं काय? तर मूल बदललं. त्याच्या शरीरानं पहिली भेट लक्षात ठेवली होती.

आज हे ऐकून विशेष वाटणार नाही. पण तेव्हा डॉक्टर मंडळी धरून चालली होती की शरीराची प्रतिकारशक्ती म्हणजे फक्त संरक्षण. तीच यंत्रणा त्रासही देते, हे पचायला जड होतं. १९०६ मध्ये पिर्केनं जेमतेम दोन पानांचा लेख लिहिला आणि ग्रीक शब्द जोडून नवा शब्द दिला: ॲलर्जी. ॲलॉस म्हणजे वेगळं, एर्गॉन म्हणजे काम. शरीराची बदललेली प्रतिक्रिया, एवढाच त्याचा अर्थ. ती चांगली की वाईट, हे त्या शब्दात नव्हतंच. (आम्हाला क्लासमध्ये नेमकं आणि थोडक्यात लिहा म्हणून सांगतात, तेव्हा मला ही दोन पानं आठवतात.)

पुढच्याच वर्षी त्यानं टीबीची त्वचाचाचणी आणली. हातावर ट्युबरक्युलिनचा थेंब टाकायचा, तिथं हलकं खरवडायचं, दोन दिवसांत लाल फुगवटा येतो का बघायचं. ठणठणीत दिसणारी व्हिएन्नातली कितीतरी मुलं पॉझिटिव्ह निघाली. वय वाढेल तसं प्रमाणही वाढत गेलं. म्हणजे सगळी आजारी? नाही. जंतूंशी त्यांची गाठ पडली होती, इतकंच. आपल्याकडे होणारी मांटू टेस्ट ही त्याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती आहे.

नंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये प्राध्यापकी, तिथून १९१० मध्ये ब्रेसलाऊ, १९११ मध्ये पुन्हा व्हिएन्ना. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात उपासमार होती, तेव्हा अमेरिकेतून आलेल्या मदतीतून मुलांना जेवण देण्याचं प्रचंड काम त्यानं उभं केलं. दूध हे माप धरून कुठल्या मुलाला किती अन्न लागेल, याचं गणितही बसवलं. १९२८ मध्ये देशाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी त्याचं नाव घेतलं गेलं. आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये त्यानं आणि पत्नी मारियानं एकत्र आयुष्य संपवलं. पिर्के ५४ वर्षांचा होता.

ॲलर्जी घडवणारं रक्तातलं नेमकं काय, हे तो गेला तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. काहीतरी आहे, एवढं कळलं होतं. ज्या ब्रेसलाऊत तो शिकवून गेला, तिथंच १९२१ मध्ये प्राउसनिट्झ या डॉक्टरनं माशाची ॲलर्जी असलेल्या क्युस्टनर या सहकाऱ्याचं सिरम स्वतःच्या त्वचेत टोचून घेतलं. मग त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तिथं गांधी उठली! ते काहीतरी म्हणजे आयजीई हे प्रथिन, हे कळायला १९६०चं दशक उजाडलं. १९६७ मध्ये स्वीडनमध्ये ते रक्तात मोजायची पहिली टेस्ट तयार झाली. तिच्यात किरणोत्सर्गी पदार्थ वापरायचे, आता बहुतेक ठिकाणी चमकणारी रसायनं वापरतात.

आता तुमच्या हातातल्या रिपोर्टकडे या. टोटल आयजीई वाढलेलं दिसलं, तर ते पोटातल्या जंतांमुळेही असू शकतं. त्यावरून कशाची ॲलर्जी आहे ते कळत नाही. स्पेसिफिक आयजीई एकेका पदार्थासाठी मोजतात. सर्दीची गोळी चालू असली तरी ही टेस्ट होते, त्वचेवरच्या प्रिक टेस्टसाठी मात्र गोळी काही दिवस बंद ठेवावी लागते. पण दोन वेगळ्या पद्धतींच्या टेस्टचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, ते जुळतीलच असं नाही. आणि आकडा वर आहे म्हणजे तो पदार्थ बाधतोच, असंही नाही. घरातल्या धुळीत राहणाऱ्या माइट या बारीक किड्यात आणि कोळंबीत एक प्रथिन जवळपास सारखं असतं. त्यामुळे धुळीनं शिंकणाऱ्या एखाद्याच्या रिपोर्टमध्ये कोळंबीही पॉझिटिव्ह दिसते, आणि तो रविवारी घरी मजेत कोळंबीभात खात असतो. व्हिएन्नाच्या त्या मुलांसारखंच हे. शरीराला ओळख आहे, आजार नाही.

शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी पॅकेजं आणखी वेगळी. एखादा पदार्थ नेहमी खाल्ला की त्याचं आयजीजी बनतंच, म्हणून अन्नाची ॲलर्जी ओळखायला ही टेस्ट वापरू नका, असं ॲलर्जीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटना सांगतात. तरी ती यादी बघून दूध, गहू, अंडी सगळं एका झटक्यात बंद करणारे तुमच्याही ग्रुपमध्ये असतील. खात्रीच करायची असेल, तर डॉक्टर दवाखान्यात समोर बसवून तो पदार्थ थोडा थोडा खायला देतात आणि काय होतं ते बघतात. हा प्रयोग हॉस्टेलच्या रूमवर करायचा नाही, कारण रिॲक्शन आलीच तर ती काही मिनिटांत जिवावर बेतू शकते.