चार्लस् स्टाइनमेट्झ

इ. स. १८८९ च्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्क बंदरास लागलेल्या एका जहाजांतून २४ वर्षांचा एक जर्मन तरुण उतरला. उंची जेमतेम चार फुटांच्या आसपास, पाठीस मोठें कुबड, गांठीस पैसा नाहीं, आणि इंग्रजी भाषेचा गंधही बेताचाच. अशा मनुष्यास देशांत घ्यावें कीं परत धाडावें, असा प्रश्न तेथील अधिकाऱ्यांस पडला. बरोबरच्या मित्रानें त्याची हमी घेतली, म्हणून निभावलें. हेच पुढें विद्युच्छास्त्रांत विख्यात झालेले चार्लस् प्रोटिअस् स्टाइनमेट्झ होत.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजीं ब्रेस्लाउ येथें झाला. हें शहर तेव्हां प्रशियांत होतें. आतां तें पोलंडांत आहे. कुबड त्यांच्या वडिलांस व आजोबांसही होतें. आई बालपणींच वारली. विश्वविद्यालयांत गणितांत त्यांची बुद्धि अशी चाले कीं, सोबत्यांनीं त्यांस नाना रूपें घेणाऱ्या ग्रीक सागरदेवतेचें, प्रोटिअसचें, नांव दिलें. परंतु समाजवादी वृत्तपत्राच्या संपादनामुळें पोलिसांचा ससेमिरा लागला, आणि १८८८ सालीं पदवी हातीं येण्यापूर्वींच त्यांस झूरिचला पळून जावें लागलें.

अमेरिकेंत याँकर्स येथें रुडॉल्फ आयकमायर यांच्या कारखान्यांत त्यांस काम मिळालें. विजेच्या यंत्रांतील लोखंडाचें चुंबकत्व वरचेवर उलटत असतां कांहीं शक्ति उष्णतेच्या रूपानें फुकट जाते. ती किती, हें यंत्र बांधण्यापूर्वीं कोणास नीट सांगतां येत नसे. स्टाइनमेट्झ यांनीं १८९२ सालीं त्याचा नियम मांडला : चुंबकत्वाची तीव्रता दुप्पट केली कीं ही हानि सुमारें तिप्पट होते.

त्याहूनही मोठें काम पुढील वर्षीं झालें. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेनें वाहतो. त्याचें गणित सोपें. पण आपल्या घरांत येणारा ए. सी. प्रवाह सेकंदास ५० वेळां पुढें-मागें हेलकावे घेतो. वाटेंत तारेचें वेटोळें असलें कीं तो दाबाच्या मागें पडतो, कंडेन्सर असला कीं पुढें धांवतो. केवळ वेटोळेंच असल्यास हें मागें पडणें पाव हेलकाव्याइतकें, म्हणजे सेकंदाच्या दोनशेंव्या भागाइतकें असतें. त्यामुळें ३ ओहमचा रोध व ४ ओहमचा अडथळा करणारें वेटोळें एकापुढें एक जोडलीं, तर एकूण अडथळा ७ न होतां ५ होतो! काटकोन त्रिकोणाच्या बाजू ३ व ४ असतां कर्ण ५ येतो, त्यांतलाच हा प्रकार. १०० व्होल्ट दाब लाविल्यास प्रवाह २० अँपिअर वाहील. दोहोंचा गुणाकार २०००. तरी खर्च मात्र १२०० वॅटच, कारण वेटोळें घेतलेली शक्ति परत करितें.

असलीं गणितें सोडवितांना यंत्रशास्त्रज्ञ कॅल्क्युलसच्या जंजाळांत सांपडत. स्टाइनमेट्झ यांनीं सुचविलें कीं, वरील अडथळा ३ + ४ जे असा लिहावा. येथें जे म्हणजे उणें एकाचें वर्गमूळ. त्यानें गुणिलें कीं आकृतींतील बाण काटकोनांत वळतो. मग सारें काम साध्या बीजगणितावर येतें. ज्या संख्येस आपण वर्गांत काल्पनिक म्हणून हंसतों, तीच अशी उपयोगीं पडली. आर्थर केनेली यांनींही त्याच वर्षीं या दिशेनें लिहिलें होतें. परंतु शिकागो येथील विद्युत्परिषदेंत, व नंतर १८९७ च्या ग्रंथांत, स्टाइनमेट्झ यांनीं ही पद्धति पूर्णत्वास नेली. प्रथम ती फारच थोड्यांस कळली. तेव्हां त्यांनीं गणिताचीं सोपीं पुस्तकें स्वतःच लिहिलीं!

आयकमायरचा कारखाना जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें घेतल्यावर ते स्केनेक्टडी येथें स्थायिक झाले, आणि १९०२ पासून तेथील युनियन कॉलेजांत शिकवूंही लागले. आपलें व्यंग मुलांस जाईल या भीतीनें त्यांनीं लग्न केलें नाहीं. जोसेफ हेडन या आपल्या सहायकासच त्यांनीं पुत्र मानिलें. हेडनचें सारें कुटुंब त्यांच्या घरीं राही, व मुलें त्यांस आजोबा म्हणत. मोहॉक नदीवर होडींत आडवी फळी टाकून ते तासन्‌तास गणितें करीत. १९२२ सालीं त्यांनीं प्रयोगशाळेंत कृत्रिम वीज पाडून दाखविली. पुढील वर्षीं पश्चिमेकडील प्रवासाहून परतल्यावर थोड्याच दिवसांनीं, २६ ऑक्टोबर १९२३ रोजीं, स्केनेक्टडी येथील राहत्या घरीं त्यांचें निधन झालें.