चकमकीच्या गारेंतील जीव

ख्रिस्तिआन गोटफ्रीड एरेनबेर्ग ह्यांचा जन्म ता. १९ एप्रिल १७९५ रोजीं जर्मनींतील डेलिच गांवीं झाला. लाइप्झिग येथें ते प्रथम ईश्वरविद्या शिकूं लागले. परंतु पुढें वैद्यकाकडे वळून १८१८ सालीं त्यांनीं बर्लिन येथें पदवी मिळविली. १८२० सालीं आपले मित्र हेम्प्रिश ह्यांच्यासह ते मिसर देश व तांबडा समुद्र ह्यांकडे संशोधनार्थ निघाले. १८२५ सालीं मासावा बंदरीं हेम्प्रिश तापानें वारले, आणि दोघांनीं मिळून जमविलेल्या संग्रहाचा भार एकट्या एरेनबेर्ग ह्यांजवर पडला.

पुढें सूक्ष्मदर्शक यंत्र हेंच त्यांचें जीवितकार्य झालें. १८३६ सालच्या सुमारास त्यांनीं चकमकीच्या गारेचे पातळ, पारदर्शक तुकडे यंत्राखालीं पाहिले. त्यांत पेरिडिनिअम नामक एकपेशीय जीवांसारखे चिलखती अवशेष त्यांस दिसले. असे जीव आजही समुद्रांत चाबकासारख्या दोन तंतूंच्या योगें पोहतात. एका नव्या जातीस त्यांनीं पायरोफोरम, म्हणजे अग्निधारक, हें नांव दिलें; कारण ज्या गारेंतून ठिणगी उडते, तिच्याच पोटांत ती सांपडली होती! अशा जीवांच्या अवशेषांचें हें पहिलेंच वर्णन होय.

काट्यांनीं वेढलेले कांहीं गोलही त्यांस आढळले. त्यांस त्यांनीं गोड्या पाण्यांतील झँथिडिअमच्या वर्गांत घातलें. तसेंच, सूक्ष्म जीवांस मोठ्या प्राण्यांप्रमाणें जठरादि सर्व इंद्रियें असतात, असें १८३८ सालच्या आपल्या विख्यात ग्रंथांत त्यांनीं प्रतिपादिलें. हीं दोन्ही मतें चुकीचीं ठरलीं. काट्यांचे ते गोल पेरिडिनिअमच्याच जातभाईंचे विश्रांतिकोश आहेत, हें १९६१ सालीं इव्हिट ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें. प्रतिकूल काळीं जीव अशा बळकट कोशांत निजून राहतो. अनुकूल काळ येतांच कोशाचें द्वार उघडून बाहेर पडतो, आणि रिकामा कोश गाळांत टिकून राहतो.

ता. २७ जून १८७६ रोजीं एरेनबेर्ग ह्यांनीं बर्लिन येथें देह ठेविला. त्यांचे सुमारें ४०,००० नमुने व ३,००० चित्रें तेथील संग्रहालयांत जतन केलेलीं आहेत. आज खडकांचें वय ठरवितांना भूशास्त्रज्ञ ह्याच कोशांचें साह्य घेतात, आणि पायरोफोरम हें नांव अद्यापि चालू आहे. विद्यार्थिमित्रांनो, त्यांचें अनुमान खोटें ठरलें, तरी जें दिसलें तें त्यांनीं जसेंच्या तसें रेखाटून ठेविलें होतें. म्हणूनच मागून येणाऱ्यांस ती चूक सुधारतां आली.