क्रिस्टियान गॉटफ्रीड एरेनबर्ग

क्रिस्टियान गॉटफ्रीड एरेनबर्ग (१९ एप्रिल, १७९५ – २७ जून, १८७६) हे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ होते. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने खडक, माती व समुद्रतळाचा गाळ तपासून त्यांनी सूक्ष्मजीवाश्मविज्ञान या शाखेचा पाया घातला. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांच्या कवचांनी पृथ्वीवरील खडकांचे मोठमोठे थर तयार झाले आहेत, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवून दिले. या जीवांच्या शरीररचनेविषयीचे त्यांचे मत मात्र चुकीचे ठरले.

'''जन्म व शिक्षण'''

एरेनबर्ग यांचा जन्म लाइप्झिगजवळील डेलिट्श या गावी झाला. लाइप्झिग विद्यापीठात त्यांनी प्रथम धर्मशास्त्राचे अध्ययन सुरू केले. परंतु लवकरच ते वैद्यक व निसर्गविज्ञान यांकडे वळले आणि १८१७ मध्ये बर्लिनला आले. १८१८ साली त्यांनी बर्लिन परिसरातील बुरशींवर प्रबंध लिहून पदवी मिळवली. बुरशी कुजक्या पदार्थांतून आपोआप उत्पन्न होत नाही, ती बीजाणूंपासूनच वाढते, असे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. कोणताही जीव, तो कितीही लहान असो, आपल्यासारख्याच जीवापासून जन्मतो, ही त्यांची धारणा येथे पक्की झाली. त्यांच्या पुढील यशाचे आणि अपयशाचेही मूळ या धारणेत आहे.

'''ईजिप्त व अरबस्तानची मोहीम'''

१८२० मध्ये प्रशियाच्या विज्ञान अकादमीच्या साहाय्याने एरेनबर्ग आणि त्यांचे मित्र व्हिल्हेल्म हेम्प्रिख ईजिप्तकडे निघाले. लिबियाचे वाळवंट, न्युबिया, सिनाई, अरबस्तान व तांबडा समुद्र या प्रदेशांत त्यांनी पाच वर्षांहून अधिक काळ वनस्पती व प्राणी गोळा केले. ऊन, ताप आणि साथीचे रोग यांनी मोहिमेतील माणसे एकामागून एक दगावली. ३० जून, १८२५ रोजी मसावा (आताच्या इरिट्रियामधील बंदर) येथे हेम्प्रिख यांचाही तापाने मृत्यू झाला आणि एरेनबर्ग एकटेच परतले. त्यांनी आणलेल्या संग्रहात सुमारे ४६,००० वनस्पतींचे व ३४,००० प्राण्यांचे नमुने होते. या संग्रहावर आधारित ग्रंथ प्रसिद्ध करताना त्यांनी दिवंगत मित्राचे नाव आपल्या नावाआधी घातले. अनेक प्रजातींच्या शास्त्रीय नावांपुढे आजही ही दोन नावे एकत्र लिहिली जातात.

१८२७ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८२९ साली अलेक्झांडर फॉन हंबोल्ट आणि खनिजतज्ज्ञ गुस्टाफ रोझे यांच्यासमवेत त्यांनी उरल, अल्ताई व कॅस्पियन समुद्रापर्यंत प्रवास केला.

'''डायाटम व खडक'''

डायाटम (करंडक वनस्पती) ही एकपेशीय शैवले होत. त्यांचे कवच सिलिकेचे, म्हणजे काचेसारख्या द्रव्याचे असते. करंडा आणि त्याचे झाकण यांप्रमाणे त्याचे दोन भाग एकमेकांत बसतात. पेशी मेल्यावर तिचा मऊ भाग कुजतो. कवच मात्र गाळात दीर्घकाळ टिकू शकते. प्रत्येक जातीच्या कवचावरील नक्षी वेगळी असते. काही जाती गोड्या पाण्यात, काही खाऱ्या पाण्यात, तर काही बर्फाळ समुद्रात वाढतात. त्यामुळे गाळातील कवचे ओळखता आली, की तो गाळ कोणत्या पाण्यात साचला हे सांगता येते.

१८३६ मध्ये बोहेमियातील चिनी मातीच्या एका कारखान्याचे मालक फिशर यांना तेथील दलदलीतील पांढऱ्या मातीत अशी कवचे आढळली. त्यांनी नमुने एरेनबर्ग यांच्याकडे पाठवले. एरेनबर्ग यांनी मग बोहेमियातीलच बिलिन येथील धातू घासून चकचकीत करण्यासाठी वापरला जाणारा दगड तपासला. तो दगड जवळजवळ संपूर्णपणे डायाटमच्या कवचांचा बनलेला निघाला. त्याच्या एका घन इंचात सुमारे ४,१०० कोटी कवचे असावीत, असा हिशेब त्यांनी मांडला. तेथील थर सुमारे १४ फूट जाडीचा होता. प्रचंड खडक घडण्यास प्रचंड उलथापालथच हवी असे नाही. क्षुद्र जीव आणि पुरेसा काळ एवढ्यानेही ते घडतात, हे यावरून स्पष्ट झाले. खडूचा दगडही मोठ्या प्रमाणावर सूक्ष्म कवचांचा बनलेला असतो, हेही त्यांनी दाखवले. या कार्यासाठी लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने १८३९ मध्ये त्यांना वॉलस्टन पदक दिले.

त्यानंतर जगभरातून त्यांच्याकडे माती, गाळ व खडक यांचे नमुने येऊ लागले. निकोबार बेटांवरील खडकांत रेडिओलॅरिया या सागरी जीवांची कवचे असल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. म्हणजे हे खडक मूळचे समुद्रातील गाळ होते. या सर्व अभ्यासाचे सार ''मिक्रोगेओलोगी'' (१८५४) या ग्रंथात आहे.

'''डार्विन यांची धूळ'''

जानेवारी १८३२ मध्ये केप व्हर्द बेटांजवळ ''बीगल'' जहाजावर बारीक धूळ पडली. चार्ल्स डार्विन यांनी ती गोळा केली आणि पुढे अशा धुळीच्या पाच पुड्या एरेनबर्ग यांच्याकडे पाठवल्या. त्यांत एरेनबर्ग यांना ६७ प्रकारचे सेंद्रिय अवशेष सापडले. दोन सोडून बाकीचे गोड्या पाण्यातील अथवा जमिनीवरील होते. भर समुद्रातील धूळ जमिनीवरून वाऱ्याने आली, हे त्यावरून सिद्ध झाले. काही जाती दक्षिण अमेरिकेतील असल्यामुळे ही धूळ केवळ आफ्रिकेतील असल्याचे एरेनबर्ग यांना पटले नाही. अटलांटिकवरील अशी धूळ सहारातून येते, हे आता ज्ञात आहे. तिचा एक मोठा उगम चाड देशातील बोडेले हा कोरड्या सरोवराचा तळ असून तेथील मातीत डायाटमची कवचे भरलेली आहेत.

'''शरीररचनेविषयीचा वाद'''

१८३८ मध्ये एरेनबर्ग यांचा सूक्ष्मजीवांवरील बृहद्ग्रंथ ६४ चित्रपटांसह प्रसिद्ध झाला. पाण्यातील सूक्ष्मजीवांना त्यांनी नीळ व लाल रंग खाऊ घातला, तेव्हा त्यांच्या शरीरात रंगीत गोल ठिपके दिसले. ही अनेक जठरे आहेत आणि मोठ्या प्राण्यांप्रमाणे या जीवांनाही सर्व इंद्रिये असतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. डायाटमनाही ते प्राणीच मानत. फ्रान्सचे फेलिक्स दुझार्दँ यांनी या मताला विरोध केला: ते ठिपके म्हणजे जठरे नसून साध्या जीवद्रव्यातील पोकळ्या होत. १८४५ मध्ये कार्ल फॉन झीबोल्ट यांनी आदिजीव एकपेशीय असल्याचे मांडले आणि पुढे ते सर्वमान्य झाले. एरेनबर्ग यांनी मात्र आपले मत अखेरपर्यंत सोडले नाही. डार्विन यांचा उत्क्रांतिवादही त्यांनी स्वीकारला नाही. उतारवयात तरुण शास्त्रज्ञांपासून ते दुरावत गेले.

'''अखेरची वर्षे व वारसा'''

१८५५-५६ मध्ये ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख होते. पुढे त्यांची दृष्टी मंदावली, तेव्हा कन्या क्लारा यांनी त्यांना संशोधनात व संग्रहाच्या व्यवस्थेत साहाय्य केले. बर्लिन येथे वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एरेनबर्ग यांचा संग्रह बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. त्यात अभ्रकाच्या चकत्यांवर बसवलेली सुमारे ४०,००० सूक्ष्मदर्शी तयार नमुने, सुमारे ५,००० मूळ माती-खडकांचे नमुने आणि सुमारे ३,००० चित्रे आहेत. नमुना कोठून आला याची नोंद ते काळजीपूर्वक ठेवत. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष बदलले, तरी नमुने कालबाह्य झाले नाहीत. २००७ मध्ये या संग्रहातील धूळ पुन्हा तपासण्यात आली, तेव्हा डार्विन यांनी पाठवलेल्या धुळीतील काही जीवाणू व बुरशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या.

सरोवरांच्या व समुद्रांच्या तळाचा गाळ उपसून त्यातील डायाटमवरून पूर्वीचे हवामान, पाण्याची क्षारता, आम्लता व समुद्रावरील बर्फाचा विस्तार यांचा अंदाज आज बांधला जातो. या पद्धतीची सुरुवात एरेनबर्ग यांच्या कार्यापर्यंत जाऊन पोहोचते.