शरण आलेला ससा

परभणी जिल्ह्यातील मानवत हे गाव कापसाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. याच नदीच्या खोऱ्यात, यादवांच्या राज्यात, तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी गावोगाव हिंडले.

भडोच येथील एका प्रधानाच्या घरी त्यांचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. घरी कशाचीही उणीव नव्हती. पण त्यांचे मन तेथे रमले नाही. विदर्भातील ऋद्धिपूर येथे त्यांना गोविंदप्रभू हे गुरू लाभले आणि त्यांनी वैभवाकडे कायमची पाठ फिरविली. पुढे कित्येक वर्षे ते एकटेच रानावनांतून फिरत राहिले.

एके दिवशी स्वामी रानात एका वृक्षाखाली बसले होते. इतक्यात एक ससा प्राणभयाने धावत आला आणि त्यांच्या गुडघ्याखाली दडला. त्याच्या मागे पारध्यांची कुत्री होती. स्वामींना पाहून ती जागीच थबकली. मागोमाग पारधी आले व ससा परत मागू लागले. या सशावर त्यांनी पैज लावली होती. तो हाती न आला, तर आपापसांत सुऱ्या निघतील, असे त्यांनी विनवून सांगितले. परंतु आश्रयाला आलेल्यास मरण देणे स्वामींना मान्य नव्हते. त्यांनी पारध्यांवर राग केला नाही. रानातले गवत खाऊन, झऱ्याचे पाणी पिऊन जगणाऱ्या या निरुपद्रवी जिवांना का मारावे, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. पारध्यांना ते पटले व ते निघून गेले. मग स्वामींनी गुडघा उचलून सशाला आदराने निरोप दिला.

चक्रधरांनी महानुभाव पंथाची स्थापना केली. स्त्रिया व शूद्र यांनाही त्यांनी धर्माचे ज्ञान खुले केले, आणि तेही लोकांच्या मराठी भाषेत. त्यांच्या पश्चात म्हाइंभटांनी गावोगाव जाऊन त्यांच्या आठवणी गोळा केल्या. त्यांतून सिद्ध झालेला ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्य ग्रंथ मानला जातो. सशाची ही हकीकत त्यातच आहे.

आज भारतात सशाची शिकार करण्यास कायद्याने बंदी आहे. सुमारे 750 वर्षांपूर्वी असा कायदा नव्हता. त्या भ्यालेल्या जिवाला आधार होता तो केवळ एका दयाळू माणसाचा.