विश्लेषण : अननसाच्या वासावर संशोधन करणारा शास्त्रज्ञ लॉस एंजेलिसच्या धुरक्याच्या मुळाशी कसा पोहोचला?

पेट्रोल पंपावर टाकी भरताना जो वास येतो, ती वाफ पुढे जाते कुठे? हवेत विरून जाते, असंच आपण समजतो. ती विरत नाही, तिचं हवेत काहीतरी वेगळंच होतं, हे आरी यान हागेन-स्मिट यांनी दाखवलं.

नेदरलँड्समधील उत्रेख्त शहरात १९०० मध्ये जन्मलेले हागेन-स्मिट १९३७ मध्ये अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत रुजू झाले. विषय वनस्पतींचं रसायनशास्त्र. अननसाला अननसाचा वास नेमका कशामुळे येतो, हे ते शोधत होते. त्यासाठी फळाची वाफ अतिथंड नळ्यांतून नेऊन त्यातली द्रव्यं ते गोठवून वेगळी करत.

धुरक्याचं कोडं काय होतं?

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर असं धुरकं उतरलं की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. युद्धाचे दिवस होते. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही आली. मग संशय कृत्रिम रबरासाठी कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो बंद केला, धुरकं कायम. लंडनप्रमाणे दोष गंधकाचा असेल म्हणून त्यावर निर्बंध आले, तरी फरक पडला नाही. भाजीपाल्याची पानं करपत होती आणि टायरना चिरा पडत होत्या.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस हागेन-स्मिट यांनी अननसाची युक्ती शहराच्या हवेवर वापरली. हाती आले दुर्गंधीयुक्त तपकिरी द्रवाचे काही थेंब. त्यात सेंद्रिय पेरॉक्साइड आणि आल्डिहाइड होते. यातलं बरंच कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नव्हतं. म्हणजे ते हवेतच तयार होत होतं!

हवेत नेमकं घडतं काय?

मोटारीच्या तापलेल्या इंजिनातून नायट्रोजनची ऑक्साइड बाहेर पडतात, सोबत न जळलेल्या इंधनाची वाफ. सूर्यप्रकाश नायट्रोजन डायऑक्साइड फोडतो, सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन बनतो. एरवी उरलेला नायट्रिक ऑक्साइड हा ओझोन लगेच संपवतो. पण इंधनाच्या रेणूंचे तुटलेले तुकडे मध्ये पडतात. ते ओझोनला हात न लावता नायट्रिक ऑक्साइडचा पुन्हा डायऑक्साइड करतात. चक्र फिरत राहतं, ओझोन साठत जातो. शेवटी या वाफेचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं खरं, पण डोळे आणि पानं जाळणारी द्रव्यं त्या वाटेवरच तयार होतात.

इंधनाच्या रेणूवर पहिला घाव हायड्रॉक्सिल हा अल्पायुषी कण घालतो, हे चित्र मात्र १९७० च्या सुमारास स्पष्ट झालं. हागेन-स्मिट यांच्याकडे हा दुवा नव्हता, तरी निष्कर्ष बरोबर निघाला. त्यांनी बंद पात्रात पेट्रोलची वाफ, नायट्रोजन डायऑक्साइड आणि प्रकाश एकत्र आणला. पालकाची पानं तशीच करपली. वाकवून ठेवलेल्या रबराला चिरा पडल्या. ओझोन मोजायची ही त्यांची स्वस्त पद्धत! १९५२ मध्ये त्यांनी निष्कर्ष सविस्तर प्रसिद्ध केले.

दोष तेलशुद्धीकरण कारखाने आणि मोटारींवर येत होता, त्यामुळे विरोध अटळ होता. तेल उद्योगाच्या पैशावर धुरक्याचा अभ्यास करणाऱ्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने त्यांचे निष्कर्ष अमान्य केले. तिथल्या एका शास्त्रज्ञाने तर कॅलटेकमध्येच व्याख्यान देऊन, हागेन-स्मिट श्रोत्यांत बसलेले असताना, ते खोडून काढले. पुन्हा वास-स्वादाच्या संशोधनाकडे वळायच्या बेतात असलेला हा माणूस त्यानंतर धुरक्यालाच चिकटून बसला. विरोधकांना ते व्याख्यान महागात पडलं, असंच म्हणावं लागेल.

१९६८ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यांना कॅलिफोर्नियाच्या नव्या हवा संसाधन मंडळाचं पहिलं अध्यक्षपद दिलं. १९७३ मध्ये रेगन यांनीच त्यांना तिथून हटवलं. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील बहुतेक नव्या मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. मार्च १९७७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने हागेन-स्मिट यांचं निधन झालं.